नाशिकमध्ये स्थलांतरितांचा छोटा पक्ष काढायचाय? आधी मतदार यादी, मग झेंडा

प्रश्न थोडक्यात असा: अंबड-सातपूर औद्योगिक पट्ट्यात उत्तर प्रदेश-बिहारचे, खान्देशातले आणि मराठवाड्यातून आलेले कामगार एकत्र येऊन छोटा राजकीय पक्ष काढू पाहताहेत. नोंदणी कशी करायची, काय काय अडतं आणि महापालिकेत एखादी तरी जागा निघेल का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं त्यावरच ठरतं.

नाशिक महापालिकेत 122 नगरसेवक आणि 31 प्रभाग आहेत. 29 प्रभाग चार सदस्यांचे, दोन तीन सदस्यांचे. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 14 लाख 86 हजार होती. त्या आकड्याने चारच्या प्रभागात सरासरी 48-49 हजार लोकवस्ती येते, आणि त्यानंतर शहर वाढलंच आहे. एक सदस्याचा वॉर्ड असता तर बारा हजारांच्या वस्तीत दीड-दोन हजार पक्क्या मतांवर चौरंगी लढतीत माणूस निवडून आला असता. चारच्या प्रभागात तीच दोन हजार मतं तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाला नेऊन सोडतात. स्थलांतरितांची वस्ती नेहमी एखाद्या कोपऱ्यात दाट असते: चुंचाळे, दत्तनगर, श्रमिकनगरच्या मागच्या गल्ल्या. प्रभाग मात्र त्या कोपऱ्याला कॉलन्या, गावठाण आणि बंगले जोडून घेतो. पक्ष काढण्याआधी हे गणित कागदावर मांडा. कुठल्या प्रभागात, कुठल्या जागेवर, यादीत नाव असलेली आपली किती माणसं? हा आकडा ज्यांच्याकडे नाही त्यांनी लेटरहेड छापायची घाई करू नये.

लोक परदेशातली उदाहरणं देतात, ती अर्धीच देतात. इस्रायलमध्ये सोव्हिएत संघातून आलेल्यांचा ‘इस्रायल बाअलिया’ हा नातान शारान्स्की यांचा पक्ष 1996 मध्ये पहिल्याच झटक्यात सात जागा घेऊन गेला. नेदरलँड्समध्ये तुर्की वंशाच्या दोन खासदारांनी मजूर पक्षातून बाहेर पडून ‘डेंक’ काढला आणि 2017 मध्ये तीन जागा मिळवल्या. पण इस्रायलमध्ये अख्खा देश हा एकच मतदारसंघ आहे आणि तेव्हा दीड टक्का मतांवर संसदेत प्रवेश मिळत होता. शिवाय 1996 मध्ये पंतप्रधानासाठी वेगळं आणि पक्षासाठी वेगळं मत होतं. त्यामुळे लोकांनी मोठं मत मोठ्या नेत्याला आणि दुसरं आपल्या माणसाला दिलं. नेदरलँड्समध्ये 150 जागांपैकी एका जागेपुरती मतं देशभरातून गोळा झाली की पुरे. विखुरलेल्या समाजाला ही पद्धत तारते. आपल्याकडे एका जागेवर जास्त मतं घेणारा जिंकतो आणि बाकीच्यांची मतं वाया जातात. ‘बाअलिया’चा शेवटही सांगितला पाहिजे: 1999 ला सहा, 2003 ला दोन, आणि मग लिकुड या मोठ्या पक्षात विलीन. आलेली माणसं रुळली की ‘आम्ही बाहेरून आलो’ एवढ्यावर मत मिळत नाही. नाशिकच्याच सिडको वसाहतीतल्या खान्देशी मंडळींकडे बघा. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) आणि खान्देशातून आलेली कुटुंबं आज तिथे मतदारही आहेत आणि सगळ्या मोठ्या पक्षांत उमेदवारही. त्यांना वेगळा पक्ष कशाला हवा, याचं उत्तर तुमच्याकडे तयार असलं पाहिजे.

आता यादी. ‘बाहेरून आलेला’ हा शब्द कायद्याला माहीत नाही. कायदा विचारतो तो ‘सर्वसाधारण रहिवासी’ आहे का, आणि भारताचा नागरिक आहे का. भाड्याने राहणारा, कंपनीच्या खोलीत राहणारा, ठेकेदाराच्या शेडमध्ये राहणारा, तिघंही इथे नाव नोंदवू शकतात. अडचण दुसरीच असते. नाव गावाकडे आहे, ते काढायचं नाही, आणि इथेही पाहिजे. तसं चालत नाही. एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात असू शकतं, आणि अर्जात खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. बिहारमध्ये 2025 च्या मतदार यादीच्या विशेष पुनरीक्षणात प्रारूप यादीतून सुमारे 65 लाख नावं गेली. त्यात मृत आणि दुबार नावं होती तशी कायमचं बाहेर गेलेल्यांचीही मोठी संख्या होती. त्यामुळे गावाकडचं नाव अजून आहे का हे आधी एपिक (मतदार ओळखपत्राचा) क्रमांक टाकून तपासा. गेलं असेल किंवा कधीच नव्हतं, तर फॉर्म 6. ओळखपत्र आहे पण पत्ता बदलायचा आहे, तर फॉर्म 8.

पत्त्याच्या पुराव्यावर गाडी हमखास अडते. घरमालक भाडेकरार नोंदवून देत नाही, कारण त्याचं बांधकाम स्वतःच गुंठेवारीतलं किंवा बिगरपरवाना असतं. वीजबिल मालकाच्या नावावर, गॅस काळ्या बाजारातून भरलेला छोटा सिलिंडर. अशा वेळी आधारवरचा पत्ता आधी बदलून घ्या, किंवा राष्ट्रीयीकृत बँक वा पोस्टाचं पासबुक इथल्या पत्त्यावर करून घ्या, दोन्ही चालतात. काहीच नसेल तर बीएलओने, म्हणजे त्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने, जागेवर येऊन पडताळणी करायची असते. तो येतो दुपारी बाराला, आणि तेव्हा माणूस पहिल्या पाळीला. खोलीला कुलूप दिसलं की शेरा पडतो ‘राहत नाही’. म्हणून गल्लीत दिवसा घरी असणारी एक बाई किंवा दुकानदार ठरवून ठेवा, त्यांच्याकडे अर्जदारांची नावं आणि फोन द्या, आणि बीएलओला तसं सांगून ठेवा. हे काम ज्यांनी नीट केलं त्यांचे अर्ज टिकतात. आता पात्रतेच्या तारखा वर्षात चार आहेत (1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर), तेव्हा अठरा पूर्ण होणाऱ्यांना वर्षभर थांबायची गरज नाही.

या कामासाठी एक जाड वही घाला. रकाने असे: नाव (यादीत छापलंय तसंच, चुकीसकट), एपिक क्रमांक, विधानसभा मतदारसंघ, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक, महापालिकेचा प्रभाग, मूळ जिल्हा, घर भाड्याचं की स्वतःचं, जातीचा दाखला कुठल्या राज्याचा, फोन. पुढे पक्षनोंदणीचे प्रतिज्ञालेख (ॲफिडेव्हिट), उमेदवार निवड आणि मतदानाच्या दिवशीच्या चिठ्ठ्या, सगळं याच वहीतून निघतं. महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच फोडली जाते, आणि फोडताना एखादी अख्खी चाळ शेजारच्या प्रभागात जाऊन पडते. प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की हरकतीला मोजके दिवस असतात. वही तयार असेल तर एका रात्रीत तपासणी होते. नसेल तर मतदानाच्या दिवशी कळतं.

नेपाळी वॉचमन मंडळींबद्दलही प्रश्न येतो. नागरिकत्व नसेल तर मतदार नाही, म्हणजे पक्षनोंदणीला जे किमान शंभर मतदार-सभासद लागतात त्यांत धरता येत नाही. परदेशी स्रोताकडून पक्षाला देणगीही घेता येत नाही. 

पक्षनोंदणी लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 29अ खाली दिल्लीच्या निवडणूक आयोगाकडे होते. पक्ष स्थापन झाल्याच्या तारखेपासून 30 दिवसांत अर्ज पोचला पाहिजे. इथेच पहिली माती खाल्ली जाते. मेळावा घेतात, फटाके वाजतात, इतिवृत्तात स्थापनेची तारीख पडते, आणि मग प्रतिज्ञालेख गोळा करायला सुरुवात होते. तीस दिवस कधी संपले ते कळतही नाही. उलटं करा. घटना, यादीचे उतारे, सभासदांची कागदपत्रं सगळी तयार ठेवा, मग स्थापनेची सभा घ्या, आणि त्याच आठवड्यात प्रतिज्ञालेख करून अर्ज पाठवा. मेळावा नंतर कितीही मोठा घ्या.

अर्जाबरोबर 10 हजार रुपयांचा डिमांड ड्राफ्ट लागतो. अर्ज फेटाळला तरी तो परत मिळत नाही. पक्षाच्या घटनेची प्रत प्रत्येक पानावर अध्यक्ष किंवा सरचिटणीसाची सही-शिक्का मारून. किमान शंभर सभासद नोंदणीकृत मतदार असल्याचे यादीचे ताजे उतारे. त्या शंभर जणांचे प्रत्येकी प्रतिज्ञालेख की मी मतदार आहे आणि आयोगाकडे नोंदलेल्या दुसऱ्या कुठल्या पक्षाचा सभासद नाही. अध्यक्ष किंवा सरचिटणीसाचा वेगळा प्रतिज्ञालेख. बँक खात्याचा आणि पॅनचा तपशील. अर्ज कुठे पोचला हे ऑनलाइन पाहता येतं, त्यामुळे ‘दिल्लीत आपली ओळख आहे’ म्हणणाऱ्याला पैसे द्यायचं कारण नाही.

शंभर लागतात म्हणून शंभरच करू नका, सव्वाशे-दीडशे करा. कारण छाननीत गळती होते. आधारवर ‘रामसेवक’ आणि यादीत ‘राम सेवक’. यादी नव्याने छापल्यावर भाग क्रमांक आणि अनुक्रमांक बदललेले, आणि उतारा जुना. एखाद्याने मागच्या निवडणुकीत मिस्ड कॉल देऊन मोठ्या पक्षाचं सभासदत्व घेतलेलं असतं आणि त्याला आठवतही नसतं; त्याने आधी लेखी राजीनामा द्यावा आणि प्रत तुमच्याकडे ठेवावी. नोटरी एका सुट्टीच्या दिवशी वस्तीतच बोलवा. माणसाने समोर सही करायची. सह्या आधी घेऊन गठ्ठा नोटरीकडे नेणं हा गुन्ह्याला आमंत्रण देणारा शॉर्टकट आहे. शंभरातले सभासद बिहारमधल्या यादीत असले तरी नोंदणीला चालतात, मतदार असणं एवढीच अट आहे. पण तसे शंभर जमवून काढलेला पक्ष नाशिकमध्ये निवडणूक कशाच्या जोरावर लढणार?

घटनेत एक कलम जसंच्या तसं हवं: कायद्याने स्थापित झालेल्या भारताच्या संविधानाबद्दल, आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांबद्दल पक्ष खरी श्रद्धा व निष्ठा बाळगेल आणि भारताचं सार्वभौमत्व, एकता व अखंडता राखेल. या वाक्याला स्वतःची भाषा लावू नका. ‘समाजवाद आम्हाला मान्य नाही’ किंवा ‘धर्मनिरपेक्ष ऐवजी सर्वधर्मसमभाव लिहू’ म्हणून अर्ज अडकवून घेण्यात अर्थ नाही. कायद्यातला मजकूर कलम 29अ(5) मधून उतरवून घ्या. पदाधिकाऱ्यांची निवडणूक ठरावीक मुदतीने, जास्तीत जास्त पाच वर्षांनी, व्हायला हवी. नेमलेल्या सदस्यांचं प्रमाण एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नये. संस्थापकालाच आजन्म अध्यक्ष करणारी घटना परत येते, आणि परत यावीच.

नाव ठरवताना भावनेला थोडं बाजूला ठेवा. 2005 पासून आयोग धर्मवाचक नावाचा पक्ष नोंदत नाही, आणि जातीचं नावही टाळलेलंच बरं. आधीच्या पक्षाशी मिळतंजुळतं नाव चालत नाही. ‘राष्ट्रीय’, ‘जनता’, ‘विकास’, ‘सेना’ या शब्दांची इतकी गर्दी आहे की त्यांतून नवीन नाव निघणं अवघड. पर्यायी नावं तयार ठेवा. पुढे आयोग सांगतो तेव्हा दोन राष्ट्रीय आणि दोन स्थानिक दैनिकांत, दोन दिवस, जाहिरात द्यायची आणि 30 दिवस हरकतींची वाट पाहायची. खर्चाचा मोठा भाग या जाहिरातींवर जातो, दहा हजारांच्या ड्राफ्टवर नाही.

नावात प्रांत घालावा का? माझं मत स्पष्ट आहे: घालू नये. फेब्रुवारी 2008 मध्ये उत्तर भारतीयांविरुद्ध हिंसाचार झाला तेव्हा याच पट्ट्यातून कामगार गाड्या भरून गावी गेले. 1 मे 2020 च्या रात्री नाशिकरोडहून भोपाळला श्रमिक विशेष गाडी सुटली तेव्हाही रांगेत तीच माणसं होती. अशा माणसाला ‘आमचा-तुमचा’ असा वाद गल्लीत नकोच असतो. शिवाय कायद्याचीही अडचण आहे. धर्म, वंश, जात, समुदाय किंवा भाषा यांच्या आधारावर मत मागणं हे त्याच 1951 च्या कायद्याच्या कलम 123(3) खाली ‘भ्रष्ट आचरण’ ठरतं, आणि 2 जानेवारी 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या निकालाने (चार विरुद्ध तीन) उमेदवाराबरोबरच मतदाराच्या धर्म-भाषेचाही त्यात समावेश केला. पत्रक भोजपुरीत किंवा अहिराणीत काढायला बंदी नाही. ‘भोजपुरी बोलणाऱ्याने भोजपुरी माणसालाच मत द्यावं’ असं त्यात लिहिलं की निवडून आलेला माणूसही घरी जाऊ शकतो. त्यापेक्षा दत्तनगरला दोन दिवसाआड येणारं पाणी, घंटागाडी न पोचणारी गल्ली, पावसाळ्यात तुंबणारी गटार यावर मागा. यावर खान्देशी, मराठवाड्याचा आणि बिहारी तिघंही एका रांगेत उभे राहतात. पीएफ आणि ईएसआय हे खरे प्रश्न आहेत, पण ते महापालिकेच्या हातात नाहीत; जाहीरनाम्यात टाकलंत तर पहिल्या सभेत कोणीतरी विचारणारच.

दिल्लीची नोंदणी झाली म्हणजे महापालिका लढायला मोकळे, असं समजू नका. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका मुंबईतला राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तिथे वेगळी नोंदणी करावी लागते, वेगळी कागदपत्रं द्यावी लागतात. 2016 मध्ये या आयोगाने आयकर विवरणपत्रं आणि लेखापरीक्षित हिशेब न दिल्याबद्दल 191 पक्षांची नोंदणी रद्द केली होती. दिल्लीची अट याच्या उलट टोकाची आहे: तिथे सलग सहा वर्षं आयोगाने घेतलेली एकही निवडणूक लढवली नाही तर नाव यादीतून जातं. ऑगस्ट 2025 मध्ये 334 आणि सप्टेंबरमध्ये आणखी 474 पक्ष असेच काढले गेले. महापालिका या हिशेबात धरली जात नाही. फक्त नगरसेवकापुरता पक्ष चालवायचा म्हटलं तरी मधे एखादी विधानसभा, लोकसभा किंवा पोटनिवडणूक लढवावीच लागते, अनामत जाणार हे ठाऊक असलं तरी. विधानसभेला अनामत 10 हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 5 हजार. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर ती जप्त.

चिन्हाचा मोह आवरा. नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाला विधानसभेला सगळ्या उमेदवारांसाठी एकच चिन्ह हवं असेल तर एकूण जागांच्या किमान पाच टक्के जागा लढवाव्या लागतात. 288 चे पाच टक्के म्हणजे 15 जागा. योगायोगाने नाशिक जिल्ह्यात नेमक्या पंधराच जागा आहेत, नांदगावपासून इगतपुरीपर्यंत. त्यातल्या बागलाण, कळवण, दिंडोरी आणि इगतपुरी अनुसूचित जमातीसाठी, देवळाली अनुसूचित जातीसाठी राखीव. म्हणजे नुसती अनामतच सव्वा लाख. अंबडच्या पक्षाला मालेगाव मध्यमध्ये उमेदवार उभा करून मिळणार काय? एक-दोन जागा लढवायच्या असतील तर मुक्त चिन्हांतलं मिळेल ते घ्या.

उमेदवार निवडताना दोन गोष्टींकडे आधी बघा. पहिली, जातीचा दाखला. दुसऱ्या राज्यातला अनुसूचित जातीचा, जमातीचा किंवा ओबीसीचा दाखला महाराष्ट्रातल्या राखीव जागेला चालत नाही. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950 आणि ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 या दिवशी कुटुंब महाराष्ट्राचं रहिवासी होतं हे दाखवावं लागतं. म्हणजे आझमगढहून 1995 ला आलेल्या कुटुंबाला फक्त सर्वसाधारण आणि सर्वसाधारण महिला या जागा उरतात. निम्म्या जागा महिलांच्या आहेत, तेव्हा महिला उमेदवार आधी शोधा, आरक्षणाच्या सोडतीनंतर धावाधाव करून नाही. धुळे-जळगावच्या माणसाचा दाखला चालतो, पण वैधता प्रमाणपत्र मूळ जिल्ह्याच्या समितीकडून आणायचं असतं. तो अर्ज आजच टाका. दुसरी गोष्ट, अपत्यं. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर महापालिकेला उमेदवारी बाद. सगळ्यात लोकप्रिय कार्यकर्ता बहुतेक वेळा इथेच अडकतो, आणि ते त्याच्या शेजाऱ्याला आधीपासून माहीत असतं. शिवाय महापालिकेला उमेदवाराचं नाव नाशिक शहराच्याच यादीत हवं आणि वय 21 पूर्ण. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी भरून ठेवायची, आणि महापालिकेच्या ठेक्यात भागीदारी नको.

चारच्या प्रभागात मतदाराला चार मतं द्यायची असतात. तुमचा एकच उमेदवार असेल तर बाकी तीन मतं तो मोठ्या पक्षाच्या पॅनलला देणार, आणि पॅनलवाले चौथंही मागणार. त्यामुळे एक तर चारही जागांवर माणसं द्या, किंवा पॅनलमध्ये चौथी जागा मिळवून उरलेल्या तीन जागांवर आपली मतं वळवण्याचा सौदा उघडपणे करा. दुसऱ्या मार्गात जागा निघण्याची शक्यता जास्त, पण तिथे तुमच्या वहीचाच भाव होतो. यादीत नाव असलेले आणि मतदानाच्या दिवशी गावाला न गेलेले किती, हे समोरच्याला तुमच्याइतकंच कळतं. मतदान लग्नसराईत किंवा छठच्या आसपास आलं तर आकडा निम्म्यावर धरा.

पैशाचं शेवटी लिहितोय, पण पक्ष बुडतात ते इथेच. कामगार महिन्याला पन्नास-शंभर रुपये आनंदाने देतो, आणि ते अध्यक्षाच्या खासगी फोनवरच्या क्यूआर कोडवर जमा होतात. कर खात्याच्या नजरेत ते अध्यक्षाचं उत्पन्न. क्यूआर पक्षाच्या खात्याचाच लावा, पन्नास रुपयांचीही क्रमांक घातलेली पावती फाडा. दोन हजारांच्या वर रोख देणगी घेतली तर करसवलत जाते. 20 हजारांच्या वर देणाऱ्यांची यादी आयोगाला कळवावी लागते. हिशेब सनदी लेखापालाकडून तपासून दरवर्षी 31 ऑक्टोबरच्या आत आयोगाकडे, आणि आयकराचं विवरणपत्र मुदतीत. विधानसभा लढवली तर पक्षाचा निवडणूक खर्च 75 दिवसांत, उमेदवाराचा निकालानंतर 30 दिवसांत. उमेदवाराने तो दिला नाही तर तीन वर्षं अपात्र, आणि हरलेले उमेदवार नेमके हेच विसरतात. म्हणून खर्चाची वही मतमोजणीच्या संध्याकाळीच ताब्यात घ्या. दुसऱ्या दिवशी माणूस पहिल्या पाळीला गेलेला असतो.